न कापलेल्या तारा

त्याला सगळे झाकणमामा म्हणायचे. तोंडावरही आणि पाठीमागेही. पगाराच्या यादीत त्याचं खरं नाव आलं की नवा क्लार्क पेन थांबवून विचारायचा, हा कोण बुवा? कारण अगदी साधं होतं. बंद पडलेला वजनकाटा समोर आला आणि कुणी नुसतं म्हणालं की याची बॅटरी गेली असणार, की मामा करवादायचा, "आधी झाकण उघडा, मग तोंड उघडा." एकोणतीस वर्षं हेच वाक्य. मग नाव पडणार नाही तर काय होईल!

कंपनी वजनकाटे बनवायची. दुकानात गल्ल्याशेजारी ठेवायचे, दवाखान्यात तान्ह्या बाळांचं वजन करायचे, सोनाराकडचे डबीएवढे. सगळे इलेक्ट्रॉनिक. पुढच्या इमारतीत नवे काटे जन्माला यायचे, तिथे एसी होता, काचा होत्या. मागे रंगाच्या शेडला लागून दुरुस्तीची खोली होती, तिथे एक खिडकी, दोन टेबलं, गुणगुणणारी ट्यूबलाइट आणि छतापर्यंत मांडण्या. मांडण्यांत जुने काटे दाटीवाटीने बसलेले. पाहुणे आले की मालक त्यांना पुढची इमारत दाखवायचे आणि तिथूनच परत फिरायचे.

दुसऱ्या टेबलावर धाकटी बसायची. धाकटी म्हणजे मामाच्या धाकट्या भावाची बायको. घरात मामाची बायको थोरली आणि ही धाकटी, आणि तेच नाव तिच्या मागोमाग कारखान्यात आलं. भाऊ आठ दिवसांच्या तापात गेला तेव्हा हिच्या पदरात चार वर्षांची मुलगी. दिवसकार्य आटोपल्यावर मामा तिला म्हणाला, "सोमवारपासून माझ्याबरोबर यायचं." विचारलं नाही, सांगितलं. त्याने तिला सोल्डरिंग शिकवलं. पहिल्या महिन्यात तिची बोटं इतक्या वेळा भाजली की थोरलीने मामाशी भांडण काढलं. आता बारा वर्षं झाली होती. मुलगी दहावी होऊन पुढे गेली होती, आणि धाकटीचा हात असा बसला होता की बारीक तार तिच्याकडेच द्यायची. पण ती कायम नव्हती. दर वर्षी एक कागद यायचा, अकरा महिन्यांचा. तो कागद येईपर्यंत मामा रोज क्लार्कपाशी चौकशी करायचा. काळजी तिलाही असणार, पण ती बोलायची नाही.

मग नियम आला.

नियम तसा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. जो इलेक्ट्रॉनिक माल तुम्ही विकलात तो मेला की त्याची जबाबदारीही तुमचीच. ठरलेलं वजन दर वर्षी परत गोळा करायचं, सरकारमान्य कारखान्याला द्यायचं, तिथे तो फोडून त्यातलं तांबं, लोखंड, प्लॅस्टिक वेगळं करणार, आणि त्यांचं प्रमाणपत्र पोर्टलवर चढवायचं. पहिल्या वर्षी कंपनीत सगळे हसले. दुसऱ्या वर्षी नोटीस आली आणि हसणं बंद झालं. तिसऱ्या वर्षी माल पाठवण्याच्या खात्यातल्या एका बाईंना उचलून जिन्याखाली, झेरॉक्स मशीनच्या शेजारी बसवलं आणि सांगितलं की आजपासून हे तुमचं. तिला कुणी विचारलं नव्हतं, नुसती खुर्ची दिली होती. लोक तिला नियमबाई म्हणू लागले. बिचारी दिवसभर पोर्टल उघडण्याची वाट बघायची. दुपारी ते उघडलं की आनंदाने नाही, दमून सुस्कारा टाकायची.

नियमबाईने एक चिठ्ठी छापून घेतली. मेलेला काटा गेटबाहेर जाण्याआधी त्याची विल्हेवाट आपल्याकडेच सुरू झाली पाहिजे, म्हणजे कुणी तो उचलून पुन्हा विकू नये. वजन ओळखणारी जी धातूची पट्टी असते, लोडसेल म्हणतात तिला, तिच्या तारा कापायच्या आणि बोर्डाचे दोन तुकडे करायचे. चिठ्ठीखाली दोन सह्या. तोडणार आणि तपासणार. तोडणार धाकटी, तपासणार झाकणमामा.

पहिली खेप चारशे बारा काट्यांची होती. सकाळी मामाने कटर घेतलं, पहिला काटा पुढ्यात ओढला, चार स्क्रू काढले. आत त्या चार बारीक तारा, लाल, काळी, हिरवी, पांढरी. कटर तारेवर ठेवलं आणि हात काही दाबेना. वेडेपणाच म्हणायचा. पण आयुष्यभर ज्या तारा जोडल्या त्याच सटासट कापायच्या, हे त्याच्या जिवावर आलं. शिवाय खरं सांगायचं तर चारशे बारा झाकणं, म्हणजे सोळाशेच्या वर स्क्रू, आणि अंगठा आधीच दुखत होता. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"राहू दे," मामा म्हणाला. "तिकडे चुराच करणार आहेत. मेलेल्याला आणखी किती मारायचं? कर सही."

धाकटीने चिठ्ठी वाचली. ती सगळं वाचायची, ही तिची सवय. "भाऊजी, यात लिहिलंय कापल्या म्हणून."

"मी सांगतोय ना!"

तिने सही केली. खाली त्याने केली. ट्रक गेला. आता यात एक गंमत बघा. काटे बनवणारी कंपनी, अख्ख्या गावाला वजन करून देते, आणि स्वतःचं भंगार कुणी काट्यावर चढवलं नाही. माल फोडणाऱ्या त्या कारखान्याने जेवढं लिहून पाठवलं तेवढंच खरं मानलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यानंतर आठ महिने गेले. एके दिवशी एक धान्यवाला काटा काखेत मारून दुरुस्तीच्या खोलीत आला. तापलेला होता. गेटवरच्या माणसाशी एकदा भांडून झालं होतं, ते संपवून तो इथे उरलेलं भांडायला आला होता.

"तुमच्या कंपनीचा काटा," तो टेबलावर काटा आपटत म्हणाला. "किलोला चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो. गिऱ्हाईक मला चोर म्हणतंय. काल एका म्हाताऱ्या बाईने पिशवी माझ्या अंगावर उलटी केली, सगळी डाळ पायरीवर. वीस वर्षं दुकान आहे माझं, वीस वर्षांत कुणी असं केलं नव्हतं!"

"कुठून घेतला?"

"जुन्या बाजारातून. नवं स्टिकर आहे की. तपासलेला, असं लिहिलंय."

"झाकण उघडल्याशिवाय काही बोलणार नाही," मामा म्हणाला आणि स्क्रू काढायला लागला.

इथे मामाची एक पद्धत सांगायला हवी. एखादा काटा गेलाच, आता काही होणार नाही, असं ठरलं की तो झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि कारण लिहायचा. पुढे कुणाच्या हाती पडला तर त्याने पुन्हा त्यावर दिवस घालवू नये, म्हणून. खोलीबाहेर कुणाला ही पद्धत माहीत नव्हती. कारण खोलीबाहेर कुणी झाकण उघडतच नव्हतं.

झाकण उलटं केलं. आत त्याच्याच तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'बोर्ड जळला. लोडसेल वाकला. आटोपलं.' खाली तारीख. पहिल्या खेपेच्या दोन दिवस आधीची.

मामा खुर्चीत बसला. बोर्ड दुसरा होता, नवा नव्हे, कुठल्या तरी भावंडाचा काढून बसवलेला. लोडसेल तोच, वाकलेला. आणि त्याच्या चारही तारा शाबूत, लाल, काळी, हिरवी, पांढरी. कापल्या असत्या तर हा काटा दुकानात गेला नसता आणि त्या म्हातारीची डाळ पायरीवर सांडली नसती. इतकं सरळ होतं.

धाकटीने मान वाकवून झाकणावरचं वाचलं, एकदा. मग गरम सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवून दिलं.

"काय झालं?" धान्यवाला घाबरला. "लई बिघडलाय का?"

"हा ठेवून जा," मामा म्हणाला. "दुसरा देतो तोवर. अगदी खरा आहे. आणि त्या बाईंना सांगा, चूक तुमची नव्हती."

"ते तिला पटायला पाहिजे ना," धान्यवाला म्हणाला, आणि दुसरा काटा घेऊन गेला. जाताना भांडला नाही. तेच मामाला जास्त लागलं.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले, रोजच्यासारखे, तो दोन पावलं पुढे, ती मागे. एरवी काहीबाही बोलणं व्हायचं. भाजी काय आणायची, पोरीची फी, थोरलीचे गुडघे. त्या दिवशी काही नाही. मामाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चिठ्ठीवर 'तोडणार' म्हणून सही तिची आहे. उद्या चौकशी झाली तर बोट तिच्याकडे जाणार, आणि दोन महिन्यांवर अकरा महिन्यांचा कागद आला होता. तो कागद येणार नाही. तिला आणून बसवलं मी, शिकवलं मी आणि बुडवलंही मीच. गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही, हेही खरं होतं. पण अशी चारशेबारा भुतं दुकानादुकानांत बसून लोकांना फसवत होती, आणि प्रत्येकावर कंपनीचं नाव होतं. झोपेपर्यंत त्याने ठरवून टाकलं की सकाळी जायचं आणि सगळं आपल्या अंगावर घ्यायचं.

सकाळी उठला तर धाकटी निघून गेलेली. बँकेत काम आहे म्हणाली, असं थोरलीने सांगितलं.

दहा वाजता मामा जिन्याखाली नियमबाईच्या टेबलाशी उभा राहिला. पिशवीतून काटा काढला, झाकण उलटं करून तिच्यापुढे ठेवलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. तारा कापल्या नाहीत. कंटाळा माझा. धाकटीला मी दटावून सही करायला लावली, तिला कागदावर काय आहे तेसुद्धा माहीत नव्हतं.

नियमबाईने पूर्ण ऐकलं. शेजारी झेरॉक्स मशीन खडखडत होतं.

"झालं?"

"झालं."

"आता माझं ऐका. तुमची धाकटी साडेआठला येऊन गेली. ती म्हणाली, त्या दिवशी भाऊजींची पाठ धरली होती, ते खोलीत नव्हतेच. कंटाळा मी केला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून खाली सही केली, त्यांना काही माहीत नाही."

मामाचं तोंड उघडंच राहिलं. "साफ खोटं! माझी पाठ ठणठणीत आहे!"

"ती असंही म्हणाली की तुम्ही दहा वाजता याल, सगळं स्वतःवर घ्याल, आणि ते खोटं असेल." नियमबाईने चष्मा काढून डोळे चोळले. "एका घरात राहता ना तुम्ही? एकमेकांशी बोलत नाही का हो?"

 बारा वर्षांत तो तिच्याशी पुष्कळ बोलला होता. पण तिचं ऐकून घेतलंय असं एकही बोलणं त्याला पटकन आठवेना.

नियमबाईने खणातून एक कागद काढला. पोर्टलवर चढवलेल्या अर्जाची प्रत. त्यावर लिहिलं होतं, 'पुनर्वापर कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी केली.' खाली तिची सही.

"गेले नव्हते," ती म्हणाली. "त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती. त्यांनी फोटो पाठवले. फोटो चांगले होते. मशीन निळं होतं." मग म्हणाली, "तुम्ही कापल्या असं लिहिलंत, मी पाहिलं असं लिहिलं, त्यांनी फोडलं असं लिहिलं. कागद एकदम पक्का. नुसते काटेच तेवढे जिवंत राहिले."

दुपारी नियमबाई आणि मामा बसने त्या कारखान्यात गेले. न कळवता. गावाबाहेर पत्र्याची मोठी शेड होती, दारात ट्रकचे जुने टायर. निळं मशीन खरोखर होतं, ताडपत्रीखाली. त्याला विजेची वायर जोडलेली नव्हती. पलीकडे जमिनीवर रांगेत माणसं बसली होती, प्रत्येकाच्या पुढ्यात उघडे काटे, प्रिंटर, असलंच काहीबाही. कुणाच्या हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. एका बाजूला बोर्ड, एका बाजूला डिस्प्ले, सगळं नीट लावलेलं. मामा चटकन एका माणसापाशी थांबला, त्याच्याच वयाचा असेल. तो सोल्डरिंग करत होता आणि धूर सरळ त्याच्या नाकात जात होता. मामाने पिशवीतला काटा दाखवला.

"हा बोर्ड तू बसवलास?"

त्याने उलटसुलट करून पाहिलं. "मीच."

"हात चांगला आहे." मामाला ते म्हटल्याशिवाय राहवेना. "पण लोडसेल वाकलाय. झाकणावर लिहिलं होतं मी. वाचलं नाहीस?"

"वाचलं की," तो माणूस म्हणाला. "आम्हाला बसवायचं काम आहे. वाचायचं कुणी सांगितलं नाही." आणि पुढचा काटा ओढला.

नियमबाईने मोबाइलवर फोटो काढले. तेवढ्यात शेडचा मॅनेजर धावत आला, आधी ताई ताई करत, मग अहो मॅडम करत, मग आवाज चढवत. तिने त्याच्याशी वाद घातला नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "आता मालकांना सांगायचं. मला फार दमायला झालंय हो, मामा." मामाने मान हलवली. त्यालाही झालं होतं.

मालक वाईट माणूस नव्हता. वडिलांचा धंदा चालवत होता, वडिलांचीच खुर्ची, पाठीला उशी लावून. त्याने फोटो पाहिले, झाकणावरचं वाचलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा. "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आपल्याला," नियमबाई म्हणाली.

"मग राहू दे ना आपल्यातच. पुढच्या वर्षी दुसरा कारखाना बघू."

"साहेब, दुकानांत चारशे काटे आहेत. वर आपलं नाव आहे. आपण लोखंड नाही विकत, प्लॅस्टिकही नाही. माणसं आकड्याकडे बघून डोळे मिटून पैसे देतात, ते विकतो आपण. ते गेलं तर पुढची काचेची इमारत काय कामाची?" हे ती बोलली तेव्हा आवाज मोठा नव्हता. पण मालकाने उशी सरकवली आणि नीट बसला.

मग तासभर बोलणं झालं. प्रमाणपत्रं परत करायची, आपणहून लिहून कळवायचं, दंड होईल तो भरायचा. बाजारातले जेवढे काटे सापडतील तेवढे बदलून द्यायचे. यापुढे परत आलेला प्रत्येक काटा आधी दुरुस्तीच्या खोलीत. जो वाचेल तो नीट करून, वजनमापाचा शिक्का मारून, हमी देऊन पुन्हा विकायचा. जेवढे वाचतील तेवढा कचराच कमी, आणि नियमातही त्याला जागा आहे, असं नियमबाईने पानं उलटून दाखवलं. जो वाचणार नाही तो आपणच तोडायचा, आपल्याच काट्यावर तोलायचा आणि खऱ्या कारखान्यात माणूस बरोबर पाठवून द्यायचा. मामा ऐकत होता आणि त्याच्या मनात येत होतं, हे तर पहिल्या दिवशीच करता आलं असतं. पण असं काही बोलून कुणाचं भलं होत नाही.

"पत्रात एक रकाना असणार," मालक शेवटी म्हणाला. "जबाबदार कोण आणि कारवाई काय केली. तिथे एक नाव लागेल."

"माझं—" नियमबाईने सुरुवात केली.

"तुमचं दिलं तर हे सगळं करणार कोण? मी?" मालक वैतागला. "चिठ्ठीवर पहिली सही कुणाची आहे? तोडणार म्हणून?"

"माझं नाव घाला," मामा म्हणाला. "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. माझी दीड वर्षं राहिलीत. तिने माझ्या सांगण्यावरून सही केली, हेच शब्द पत्रात लिहा. आणि तिला कायम करा. खोली चालवायची तर तुम्हाला दुरुस्ती येणारं माणूस लागेल, आणि तोडायला हात न कचरणारंही. ती दोन्ही आहे. मी एकच होतो."

मालकाने थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग कबूल केलं.

महिनाअखेरीस मामा नोकरीतून सुटणार, हे धाकटीला कळलं ते नियमबाईकडून. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाणी ठेवायची, जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. चौथ्या दिवशी थोरली देवळात गेली होती आणि मामा पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता, तेव्हा धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"मला विचारलंत?"

"काय विचारायचं त्यात? तुझी नोकरी—"

"माझी नोकरी, माझी सही, माझं नाव. आणि ठरवणार तुम्ही!" "हे गेले तेव्हा म्हणालात, सोमवारपासून यायचं. आले. सही कर म्हणालात, केली. तेव्हा मला माहीत होतं की हे चूक आहे, भाऊजी. मी वाचलं होतं. तुम्हाला एकदा नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही, म्हणून ती सही झाली. ती माझी चूक होती. एवढी एक गोष्ट माझी होती, तीही तुम्ही नेलीत!"

मामाने सुई चपलेत खोचून ठेवली. त्याला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल, काहीतरी असं. त्याला राग आला, मग लाज वाटली, मग फक्त थकवा उरला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. एकोणतीस वर्षांत कारखान्यात आणि त्याहून जास्त वर्षांत घरात त्याने हे दोन शब्द कुणाला म्हटल्याचं थोरलीलासुद्धा आठवलं नसतं.

"आता काय उपयोग," धाकटी म्हणाली आणि आत गेली. पण त्या रात्री वाढताना तिने विचारलं, "भात घेता का अजून?" आणि मामाने पोट भरलं असूनही घेतला.

निरोप-बिरोप काही झाला नाही. रकान्यात ज्याचं नाव आहे त्याला हार कसा घालणार! मामाने टेबल पुसलं, हत्यारं जागच्या जागी लावली, आणि खोलीचं कुलूप उघडायचं कसं ते धाकटीला दाखवलं, जणू तिला ते माहीतच नव्हतं. तिनेही ते बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतेय.

पुढच्या सोमवारी ती एकटी गेली. मामा दिवसभर घरात इकडून तिकडे. थोरलीच्या स्वयंपाकात लुडबुड केली, मिक्सरचं झाकण उघडलं, शिव्या खाल्ल्या, बाहेर जाऊन बसला. सहा वाजले. सव्वासहा. फाटक वाजलं.

धाकटी आली, चपला काढल्या, ओसरीवर बसली. बोटांवर काळं होतं. थोरलीने पाणी आणून दिलं.

"किती आले?" मामाने विचारलं. इतका वेळ आवरून धरलेलं होतं, आवाज जरा चढलाच.

"छत्तीस."

"तोडले किती?"

"सत्तावीस. तोलून, लिहून, नियमबाई स्वतः उभी होती."

"म्हणजे नऊ वाचवलेस!" मामाचा चेहरा उजळला. "पहिल्या दिवशी नऊ! अगं, मी पहिल्या महिन्यात—"

"बारा वाचले असते," धाकटी म्हणाली. ती आपल्या बोटांकडे बघत होती. "तीन मला कळेनात. झाकण उघडून बसले, तासभर. तुम्ही असता तर वाचले असते."

मामा तिच्या शेजारी ओसरीवर बसला. घसा खाकरला. "काय होत होतं त्यांना? आकडा उडत होता की स्थिरच होत नव्हता? सांग बघू."

"आता सांगून काय, भाऊजी," ती म्हणाली. "तारा कापल्या मी." आणि हात धुवायला उठली.